तारीख २०२४ ची नाही, २०१४ चीच आहे

सिंधमधून येऊन नागपूरच्या जरीपटक्यात, उल्हासनगरात राहिलेल्या कुटुंबांमध्ये सध्या एक गैरसमज फिरतोय, की नागरिकत्वासाठी भारतात येण्याची शेवटची तारीख आता २०२४ झाली आहे, म्हणून लिहितोय. सप्टेंबर २०२५ च्या केंद्राच्या आदेशात ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख आहे. पण त्या आदेशाने पासपोर्ट-व्हिसा नसल्याबद्दलच्या कारवाईतून सूट मिळते, नागरिकत्व नाही. सीएए म्हणजे पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिश्चनांसाठीचा २०१९ चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा. त्याखाली नागरिकत्वासाठी भारतात ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेलं असणं आजही सक्तीचं आहे.

अर्ज ऑनलाइन, फी ५० रुपये. अर्ज अडतो तो प्रवेशाच्या पुराव्यावर. अटारी सीमेवरचा इमिग्रेशनचा शिक्का किंवा व्हिसाची प्रत सगळ्यात भक्कम. ती हरवली असेल तर त्या तारखेआधी भारतात निघालेलं रेशन कार्ड, मुलाच्या शाळेचा दाखला, वीजबिल, पोस्टाचं खातं यातलं काहीही चालतं. पाकिस्तानचा मूळ कागद मुदत संपलेला असला तरी ग्राह्य आहे, त्यामुळे जुना पासपोर्ट फेकू नका. खरी डोकेदुखी नावांची. उर्दूतलं नाव इंग्रजीत प्रत्येक कार्यालयाने वेगळं लिहिलेलं असतं. हा फरक प्रतिज्ञापत्रात आधीच लिहून द्या, चौकशीत विचारल्यावर नव्हे. सोबत चारित्र्याबद्दल एका भारतीय नागरिकाचं प्रतिज्ञापत्र लागतं. नंतर पोस्ट खात्याच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीपुढे मूळ कागद घेऊन स्वतः जायचं आणि शपथ घ्यायची. वारंवार गैरहजर राहिलात तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

३१ डिसेंबर २०१४ नंतर आलेल्यांना साधारणपणे जुनाच लांबचा रस्ता: चौदा वर्षांत अकरा वर्षं वास्तव्य आणि त्यावर अर्जाआधीचे सलग बारा महिने. त्यांनी दीर्घ मुदतीच्या व्हिसात खंड पडू देऊ नये. मुदत संपायच्या आधीच नूतनीकरणाचा अर्ज टाकायचा आणि त्याची पावती जपायची.

मला यात सर्वात जास्त खटकतं ते हे, की छळ झाला का, हा प्रश्न अर्जात कुठेच नाही. जानेवारी २०१५ मध्ये मुलीच्या जबरदस्तीच्या धर्मांतराच्या भीतीने निघालेलं कुटुंब बाहेर. पाकिस्तानने १९७४ मध्ये घटनादुरुस्ती करून गैरमुस्लिम ठरवलेले, पण स्वतःला मुस्लिमच मानणारे अहमदी पंथाचे लोकही बाहेर, कारण सीएएच्या यादीत सहाच धर्म आहेत. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, आश्रयाचा स्वतंत्र कायदाही नाही. तो व्हायला हवा, आणि त्यात धर्म व तारखेऐवजी माणसाला परत पाठवलं तर काय होईल हे तपासलं जावं.