बाटू गुहेला अर्धा तास, चॉकलेटच्या दुकानाला एक तास

क्वालालंपूरहून निघणाऱ्या एकदिवसीय सहलींचे वेळापत्रक आखणाऱ्याने तिथले ऊन, तिथला पाऊस किंवा ती स्थळे आयुष्यात कधी पाहिली असतील, यावर माझा मुळीच विश्वास नाही. विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंशांवर असलेल्या या शहरात फिरण्याजोगी वेळ म्हणजे सकाळ. दुपार ढळू लागली की गडगडाटासह पाऊस कोसळणे हे तिथे नित्याचेच. असे असताना सकाळचे मोलाचे तास हॉटेलाहॉटेलांतून प्रवासी गोळा करण्यात, मग चॉकलेटच्या दुकानात, मग कथिलाच्या वस्तूंच्या आणि बाटिकच्या दालनांत घालवायचे आणि ऊन डोक्यावर आले की बाटू गुहेच्या २७२ पायऱ्यांपुढे माणसांना उतरवून ‘अर्ध्या तासात परत या’ असे फर्मावायचे, याला सहल म्हणत असतील तर धन्य आहे!

चुनखडीच्या डोंगरातले ते विस्तीर्ण दालन, वरच्या भगदाडातून आत उतरणारा उजेड, पायथ्याची ४२.७ मीटर उंच मुरुगनाची, म्हणजे कार्तिकेयाची, मूर्ती हे सारे पाहायचे कधी, आणि गुडघेदुखी असलेल्यांनी चढायचे कधी? त्यातच तोकडे कपडे घातलेल्यांना पायथ्याशीच अडवतात, हे आदल्या दिवशी सांगण्याची तसदी कोणी घेत नाही. मग भाड्याने वस्त्र घेऊन कमरेला गुंडाळण्यातच त्या अर्ध्या तासातला बराच वेळ जातो. (शहरातून थेट गुहेपर्यंत रेल्वे जाते, हेही हे लोक सांगणार नाहीत.)

मलाक्काच्या सहलीचीही तीच गत. १५११ मध्ये पोर्तुगिजांनी, १६४१ मध्ये डचांनी जिंकलेले आणि २००८ पासून जागतिक वारसायादीत असलेले हे शहर जेवणाची वेळ वजा जाता उरलेल्या वेळात, एका किल्ल्याच्या दरवाजासमोरच्या छायाचित्रापुरते दाखवले जाते.

सर्वांत जास्त चीड मात्र कुआला सेलांगोर या नदीकाठच्या गावातल्या काजव्यांबाबत येते. नदीकाठच्या झाडांवर एका लयीत उघडझाप करणारे हे काजवे नीट दिसायला काळोख लागतो, हे शाळकरी मुलालाही समजेल. तरीही लख्ख चांदण्या रात्री, कोणतीही पूर्वसूचना न देता, त्याच दराने माणसे होडीत बसवली जातात. शेजारच्या होडीतून कॅमेऱ्याचे फ्लॅश उडत असतात आणि आपला मार्गदर्शक मोबाइलमध्ये डोके खुपसून बसलेला असतो. तक्रार केली, तर ‘निसर्ग आमच्या हातात नाही’ असे उत्तर मिळते. निसर्ग हातात नसेल, पण पंचांग तर आहे ना? या सहलींत ठरवून घालवलेला प्रत्येक तास कमिशन देणाऱ्या दुकानाचा असतो, म्हणूनच निसर्गाच्या वाट्याला उरलेसुरले येते. निदान कोणत्या दुकानात किती वेळ थांबवणार, हे पैसे घेण्याआधी छापील कार्यक्रमात लिहून द्या आणि पौर्णिमेच्या रात्री काजव्यांची तिकिटे विकणे बंद करा.