‘तलवारीला धारच नव्हती’ या दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या रविवारच्या तलवारीच्या वर्गाबद्दल तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू रविवारी रात्री मुलाने वाचून दाखवला. उत्तराला चार दिवस लागले, कारण पहिल्या रात्री जे लिहिलं होतं ते सकाळी मीच खोडून टाकलं.

आधी माफी मागतो. नऊची वेळ दिली होती आणि वर्ग साडेनऊला सुरू झाला, ही चूक आमची. शिरोळकडून केळीचे खुंट आणणारा टेम्पो वाटेत अडकला होता. खुंट आदल्या दिवशीच आणून ठेवता येतात, पण रात्रभरात कापलेली तोंडं काळी पडतात आणि वासही येतो, म्हणून ताजेच मागवतो. तरी वेळ ती वेळ, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. चहा गार होता, तेही मान्य. तुम्ही पोचलात तेव्हा दहाला दहा कमी होते, त्यामुळे तो गार झाला असणार.

पण ‘तलवारीला धारच नव्हती, शोभेची तलवार हातात देऊन १५०० रुपये घेतले’ हे वाक्य जिव्हारी लागलं. बाकी काहीही लिहिलं असतंत तर मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. पंचवीस वर्षं कोल्हापुरात मर्दानी खेळ खेळतोय, त्यातली पहिली नऊ वस्तादांच्या पायाशी गेली. त्यातलं पहिलं वर्ष तर नुसतं लाठी आणि फरी-गदगा, म्हणजे ढाल-काठीचा खेळ. तलवारीला हात लावायच्या आधी तिला धार लावायला शिकलो. आज दर रविवारी पहाटे पाच वाजता सहाही तलवारी दगडावर घेतो. मग दोरीला वर्तमानपत्राचं पान लटकवून प्रत्येक पात्याने एकदा ओढून बघतो. पान न फाटता कापलं गेलं तरच ती तलवार बाहेर येते. त्या रविवारीही तेच केलं. लोक आल्यावर सव्वानऊला पुन्हा सगळ्यांसमोर करून दाखवलं. तुम्ही तेव्हा रस्त्यात होता.

तुमच्या हातात जी तलवार होती, तीच तुमच्या सोबतच्या ताईंच्या हातात होती. दुसरी नव्हे, तीच. ताईंनी तिसऱ्या घावात पाण्याची बाटली अशी कापली, की वरचा तुकडा बाजूला पडला आणि खालची अर्धी बाटली पाण्यासकट ठोकळ्यावर जागच्या जागी उभी राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याचा व्हिडिओ तुमच्याच मोबाइलमध्ये आहे, तो रिव्ह्यूला जोडला असतात तर मला एवढं लिहावं लागलं नसतं.

तुमच्या बाटल्या उडून गेल्या हे खरं, सहापैकी पाच. पण बाटली उडते कधी? पात्याची धार ज्या दिशेला आहे आणि हात ज्या दिशेला फिरतोय, त्या दोन्हींत थोडंसं अंतर पडलं की पातं तिरकं लागतं. कापायच्या ऐवजी थप्पड बसते. पाण्याने भरलेली पातळ बाटली हलकी असते, तिला कुणी धरलेलं नसतं, त्यामुळे तिथे झाकून काही राहत नाही. म्हणूनच आम्ही ती ठेवतो. पात्याला धार नसती तर ताईंचीही बाटली उडाली असती. ती अंगणाची म्हण मी इथे वापरणार नाही.

आता तुम्ही टाकलेला फोटो. ‘हँडल लहान मुलाच्या मापाचं, हात सोलून निघाला’ असं खाली लिहिलंय. फोटोत मनगटाच्या आतल्या बाजूला लाल वळ दिसतोय. साहेब, तो फोटो बघून मला वाईटही वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं, कारण माझी अख्खी बाजू त्या एका वळात आहे. आपल्या तलवारीच्या मुठीच्या टोकाला गोल चकती असते, आम्ही तिला कटोरी म्हणतो. मूठ मुद्दामच आवळ असते. हात परज (मुठीच्या पुढची आडवी पट्टी) आणि कटोरी यांच्यामध्ये घट्ट बसतो आणि मनगट फार वाकत नाही. हातोड्यासारखा, कुऱ्हाडीसारखा घाव घातला की मनगट पुढे वाकतं आणि कटोरी नेमकी तिथे रुतते, जिथे तुम्हाला वळ आलाय. खांद्यातून हात सोडला, कोपर मागे घेतलं आणि वाकड्या पात्याला लक्ष्यावरून ओढत नेलं, तर कटोरी लागतच नाही. ही तलवार तोडत नाही, ओढून चिरते. पातं वाकडं असतं ते त्यासाठीच. पहिला अर्धा तास आम्ही फक्त हे शिकवतो, लाकडी तलवारीवर. तुमचा तो भाग चुकला म्हणून मी तुम्हा दोघांना बाजूला घेऊन दहा मिनिटांत दाखवत होतो. ताईंनी दोनदा विचारून घेतलं. तुम्ही म्हणालात, ‘मी व्हिडिओ खूप बघितलेत.’

ते व्हिडिओ कसले, ते नंतर कळलं. जपानी कटाना तलवारीचे. त्यांची विद्या मोठी आहे, मला आदर आहे. पण त्यांची मूठ लांब, दोन हातांनी धरायची, पातं कमी वाकडं. त्यांचं लक्ष्यही निराळं. तातामीच्या (जपानी घरातल्या जमिनीवरच्या जाड बैठकीच्या) वरची गवती चटई गुंडाळून, बांधून, पाण्यात भिजत घालतात आणि मग खुंटीवर उभी करून कापतात. कधी आत हिरवा बांबू घालतात, मांसातल्या हाडासारखा. तुम्ही लिहिलंय की ‘परदेशात चटया देतात, इथे केळीच्या खुंटावर बोळवण.’ त्या चटया मागवल्या तर एका माणसाच्या सरावाचा खर्च तुम्ही भरलेल्या रकमेच्या वर जाईल. आपल्याकडची लव्हाळ्याची चटई मी स्वतः करून बघितली, आठ दिवस वेगवेगळी भिजवून. कधी सुटते, कधी लोळते. ओल्या वर्तमानपत्रांची गुंडाळीही करून बघितली. ती कापली जाते चांगली, पण कागद धार खातो. चार गुंडाळ्या झाल्या की पुन्हा दगड. मग बोथट तलवारीची तक्रार खरी ठरली असती.

आणि केळीचा खुंट म्हणजे बोळवण नव्हे. केळ एकदाच घड देते, त्यानंतर शेतकरी ती तोडतोच, त्यामुळे लक्ष्यासाठी कुठलं झाड मारावं लागत नाही. आत सगळं पाणी आणि एकावर एक गुंडाळलेले सोप, म्हणजे सालीसारखे थर. नवख्या हाताला तो सांभाळून घेतो, घाव थोडा चुकला तरी पातं आरपार जातं, माणसाला हुरूप येतो. पण कापलेल्या तोंडाकडे बघितलं की सगळं कळतं. घाव नीट बसला असेल तर ते तोंड आरशासारखं सपाट. हात मध्येच वळला असेल तर पळीने खरवडल्यासारखा खोलगट. तुमचे सात काप मी त्या वेळी ओळीने मांडून दाखवले होते, त्यात शेवटचे दोन खरोखर बरे होते. तेव्हा तुम्ही फोनवर होता. शर्टावर चिकाचे डाग पडले असंही लिहिलंय. चिकाचा डाग निघत नाही, म्हणूनच बुकिंगच्या मेसेजमध्ये ‘जुने कपडे घाला’ असं लिहिलेलं असतं. आम्ही तर प्रत्येक माणसानंतर पातं पुसून तेल लावतो, नाहीतर संध्याकाळपर्यंत चिकाने तेही काळं पडतं.

उसाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. पाइपात उभे केलेले दोन ऊस प्रत्येकाला दिले होते. हंगाम आहे म्हणून मिळतात, उन्हाळ्यात नसतात. बाहेरची साल कडक, आत रस, गाठीवर घाव बसला तर हाताला झटका. कोल्हापूर सोडून हा सराव तुम्हाला कुठे मिळेल मला माहीत नाही. तुमचा दुसरा घाव उसाखालच्या लोखंडी पाइपावर बसला. त्या पात्याला दोन खाचा पडल्या आहेत. मी तुम्हाला तेव्हाही काही बोललो नाही, पैसेही मागितले नाहीत, आणि आताही मागत नाही. फक्त ज्या तलवारीला धार नव्हती तिच्या धारेला खाचा पडल्या, एवढं नोंदवतो.

लिंबाचं. ‘जाहिरातीत लिंबू दाखवतात, प्रत्यक्षात देत नाहीत.’ लिंबू देतो, लाकडी फळीवर ठेवून, ज्याच्या चार बाटल्या उभ्या राहिल्या त्याला. तुम्हाला ते तुमच्या मेव्हण्यांच्या तळहातावर ठेवून हवं होतं. ते स्वतः तयार होते, हेही खरं. मी नाही म्हणालो आणि यापुढेही नाहीच म्हणेन. जाहिरातीतला तो व्हिडिओ जुना आहे, त्यातला तळहात माझ्या भावाचा आहे आणि ते लिंबू दांडपट्ट्याने कापलंय. दांडपट्ट्यात मनगट पोलादी खोबळ्यात बंद असतं, सगळं काम खांद्याचं आणि पायांचं. २०२४ मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र जाहीर झाला तेव्हापासून रोज कुणीतरी फोन करून पहिल्याच दिवशी पट्टा मागतं. दोन्ही बाजूंनी धार असलेलं पातं नवख्याच्या हातात दिलं, तर पहिला धोका त्याला स्वतःलाच. तुम्ही शूटिंगसाठी दोनदा दोरीच्या आत आलात आणि मी आवाज चढवला. त्याला तुम्ही ‘उद्धटपणा’ म्हटलंय. समोर पातं फिरत असताना मला ‘कृपया’ सुचत नाही. तरी शब्द लागला असेल तर क्षमा करा.

पैशांचा हिशेब देणार नव्हतो, पण निघालाय तर सांगतो. १५०० मध्ये एक अख्खा खुंट, सहा बाटल्या, दोन ऊस, तीन शिकवणारे, चहा-पोहे. हाताशी जे उरतं त्यात मुलाचं शिक्षण चालतं. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून पुढच्या रविवारची दोन बुकिंग रद्द झाली. त्यातल्या एका बाईंनी फोनवर सरळ विचारलं, ‘तलवारी खऱ्या आहेत ना?’

तुमच्या सूचनांवर विचार चालू आहे. वेळेचं बघतो. लिंबाचं तेवढं स्पष्ट लिहायला हवं होतं, ते जाहिरातीत टाकून घेऊ. मोठ्या हाताच्या लोकांसाठी थोड्या मोठ्या मुठीची एखादी तलवार करून घ्यायची बरेच दिवस मनात आहे, तेही जमवू.

तुम्ही एकदा परत या. रविवार नको, गर्दी असते. मधल्या वारी सकाळी सातला या, लाकडी तलवारीवर अर्धा तास आधी घेऊ आणि मग दहा बाटल्या, पैसे नकोत. ज्या तलवारीबद्दल लिहिलंत तीच देतो, खाचा घासून ठेवतो. ताईंनाही आणा. येताना जमलं तर रिकाम्या बाटल्या घेऊन या, पाण्याच्या, पातळ. कोल्ड्रिंकच्या जाड असतात, त्या नकोत.