मीटरवर ४९ दिसले म्हणून सेन्सर बदलू नका

एप्रिल लागला की सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरू लागतो. मोबाइल ४३ अंश सांगतोय आणि गाडीचं मीटर ४९ दाखवतंय? मग बाहेरच्या तापमानाचा सेन्सर गेला. बॅटरीची वायर काढून लावा. नाही जमलं तर मल्टीमीटर लावा, बीप आली नाही तर सेन्सर बदला, बाजारात मिळेल तो चालतो. आणि नाही बदलला तरी काय, नुसता आकडाच तर चुकतो!

हे शेवटचं वाक्य खिशाला सर्वांत जड जातं, म्हणून आधी तेच घेऊ.

ऑटोमॅटिक एसीच्या गाडीत हा आकडा एसीचं कंट्रोल युनिटही वाचतं. बाहेर कडाक्याची थंडी असेल तर कंप्रेसर चालू होऊ नये, अशी सोय बऱ्याच गाड्यांत असते. सेन्सरची वायर तुटली किंवा कपलर (वायर सेन्सरला जोडणारा प्लग) निघालं की युनिटला बाहेर उणे ४० अंश असल्यासारखं वाटतं, आणि मे महिन्याच्या भर दुपारी होटगी रोडवर कंप्रेसर गप्प बसतो. काही गाड्या चूक ओळखून ठरावीक आकडा धरतात आणि एसी चालू ठेवतात, पण सगळ्या नाही. अशा वेळी ‘गॅस संपला’ म्हणून गॅस भरला जातो आणि गाडी होती तिथेच राहते. एसी गार करत नसेल आणि मीटरवर उणे ४० किंवा नुसत्या आडव्या रेघा असतील, तर आधी सेन्सरचं कपलर बघा. नुकतंच बंपरचं डेंटिंग-पेंटिंग झालं असेल तर नक्कीच. बंपर परत चढवताना ते जोडायचं राहून जातं.

आता ४३ आणि ४९. हवामान खात्याचा आकडा सावलीतल्या, हवा खेळत्या पेटीतला, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवरचा असतो. गाडीचा सेन्सर बहुधा पुढच्या जाळीमागे, तापलेल्या डांबरापासून दोन-अडीच फुटांच्या आत असतो. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलात की रेडिएटरची धग त्याच्यावरच येते. ही धग खरी मानू नये म्हणून पुष्कळ गाड्या कमी वेगात आकडा मुद्दाम वाढू देत नाहीत, पण आधीच चढलेला आकडा उतरायला गाडी पळावी लागते. मोहोळच्या दिशेने ६०-७० च्या वेगाने पंधरा मिनिटं गाडी चालवून मग वाचा. तेव्हा दोन-चार अंशांचा फरक राहिला तर सेन्सर ठीक आहे.

खरी परीक्षा पहाटेची. गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवा, इंजिन सुरू न करता नुसतं इग्निशन चालू करा आणि स्कॅनरवर (गाडीच्या कंप्युटरला जोडून आकडे वाचायचं यंत्र) तीन तापमानं बघा: कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, इंजिनात जाणारी हवा आणि बाहेरची हवा. तिन्ही तीन-चार अंशांच्या आत हवेत. एकटा बाहेरचा वेगळा असेल, तरच पुढे जा.

बीपबद्दलचा सल्ला तर उफराटाच आहे. हा सेन्सर म्हणजे तापमान वाढलं की रोध (रेझिस्टन्स) कमी होणारा थर्मिस्टर. नेहमीच्या १० किलोओहम प्रकारात २५ अंशांना १०, ४० अंशांना सुमारे ५.३ आणि बर्फाच्या पाण्यात ३२-३३ किलोओहम मिळतात. मल्टीमीटरची बीप साधारण पन्नासेक ओहमांच्या खालीच वाजते. म्हणजे चांगला सेन्सर कधीच बीप देणार नाही. दिली तर तो आतून शॉर्ट आहे. मल्टीमीटर २० किलोओहमच्या रेंजवर ठेवा, सेन्सर चिमटीत धरा. रोध सावकाश, धक्के न घेता बदलला पाहिजे. अंगाची ऊब हवेपेक्षा जास्त असेल तर तो घटेल, दुपारच्या उन्हात मात्र उलटंही होईल, म्हणून हे सकाळीच करावं.

सेन्सर चांगला निघाला तर वायरिंग. कपलर काढून, इग्निशन चालू ठेवून, वायरिंगच्या बाजूच्या दोन पिनांमध्ये व्होल्टेज मोजा. बहुतेक गाड्यांत ५ व्होल्टच्या आसपास मिळतं. मिळालं नाही तर सिग्नलची किंवा अर्थिंगची वायर तुटलेली आहे. मिळालं तरी पिना बघा. पावसाळ्यात पाणी-चिखल बसून हिरवा गंज चढतो आणि रोधात भर पडते. ४० अंशांना नुसते २ किलोओहम वाढले तर मीटर ३२ दाखवतं. वेडावाकडा नसल्यामुळे हा आकडा कुणाला खटकत नाही, पण ऑटो एसी मात्र तेवढ्यानेच ढिला पडतो.

बॅटरी काढल्याने काही गाड्यांत साठवलेला जुना आकडा पुसला जातो आणि ताजा दिसतो, म्हणून दुरुस्त झाल्यासारखं वाटतं. गंज तसाच राहतो, वर घड्याळ आणि खिडक्यांचं सेटिंग जातं.

‘मिळेल तो’ सेन्सरही नको. कपलर तंतोतंत बसतं, पण आतला रोध वेगळा असू शकतो. चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या. आणि बंपर खोलण्याआधी मॅन्युअल बघा, काही गाड्यांत हा सेन्सर बाजूच्या आरशाच्या खालच्या अंगाला असतो.