वकिलीची सनद मिळाली? मग धुऱ्यावर जाऊच नका

अभिनंदन! कॉलेजच्या मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या खटल्यात, तुम्ही घटनेच्या मूलभूत चौकटीवर अर्धा तास बोललात. आता तालुका कोर्टातला धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, दावा म्हणजे तुमच्या हातचा मळ.

पक्षकार पिशवीतून तीन वर्षांपूर्वीचा सातबारा काढेल. तोच जोडा. ताजा उतारा, फेरफार, मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत मागून त्या बिचाऱ्याला हेलपाटे कशाला? दाव्यात गट नंबर टाका, पूर्वेला प्रतिवादीचं शेत आहे म्हणा; उरलेल्या तीन दिशा कोर्टाला ठाऊक असतातच. धुरा कुठून कुठवर कोरला, किती फूट, हे पाहायला शेतात जाऊ नका. काळी माती बुटाला चिकटली की सुटत नाही. मनाई हुकमाच्या अर्जावर न्यायाधीश साहेब विचारतील, "अतिक्रमण नेमकं कुठं?" तेव्हा मूलभूत चौकट सांगा.

प्रतिवादीच्या बापाचं नाव लिहू नका. त्या नावाचे गावात चार जण निघतात, बेलिफ 'इसम मिळून आला नाही' असा शेरा मारून परततो आणि तुम्हाला पुढची तारीख मिळते. समन्सचा भत्ता भरायचंही विसरा. मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 9 नियम 2 खाली दावा काढून टाकतात. निकाल लवकर लागला म्हणून पेढे वाटा.

वाटणीच्या दाव्यात लग्न होऊन गेलेल्या बहिणींना अजिबात पक्षकार करू नका. भाऊ म्हणतो ना, "त्यांचं काय काम?" मग झालं! मुलींना मुलांइतकाच हक्क देणारी हिंदू वारसा कायद्याची 2005 ची दुरुस्ती परीक्षेपुरतीच होती.

न वटलेल्या चेकच्या प्रकरणात, नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला समोरच्याला असलेले 15 दिवस मोजत बसू नका. बाराव्या दिवशीच तक्रार ठोका, उत्साह दिसतो. तक्रार मुदतीआधीची म्हणून उडाली तर दोष कॅलेंडरचा.

आणि तारखेला आलेल्या पक्षकाराला 'गावात कोण वारलं?' हे चुकूनही विचारू नका. प्रतिवादी गेलेला असतो, तुमचा माणूस त्याच्या तेरवीत जेवूनही आलेला असतो. फक्त तुम्हाला सांगायचं राहिलेलं असतं. 90 दिवसांत वारस रेकॉर्डवर आले नाहीत, की त्याच्यापुरता दावा ॲबेट, म्हणजे आपोआप संपला. तेरवीचं जेवण मात्र चांगलं होतं म्हणे.

फीचं? कोर्ट फी, टायपिंग, झेरॉक्स तूर्त तुमच्या खिशातून. पक्षकार सांगतोच, "सोयाबीन इकलं का देतो ना जी!" त्या सोयाबीनपुढं कृषी केंद्रवाला, सोसायटी आणि पोरीचं लग्न आधीच रांगेत आहेत. तुमचा पुकारा चौथा.