चिप नाही हो त्या प्लेटीत

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मजकूर तीनदा आला, तीन वेगवेगळ्या काकांकडून. वर ‘महत्त्वाची सूचना’, खाली ‘सर्वांना पाठवा’. ना तारीख, ना कोणाची सही. मजकूर थोडक्यात असा: नव्या सुरक्षा नंबरप्लेटमध्ये चिप असते, त्यामुळे चोरलेली गाडी पोलिसांना लगेच दिसते. हँडल लॉक पुरेसं आहे, साखळ्या-बिखळ्यांवर पैसे घालू नका. मूळ आरसी आणि दुसरी चावी अडीअडचणीला डिक्कीत ठेवा. गाडी गेलीच तर २४ तास वाट बघून तक्रार करा, विमा भरपाई देतोच.

नागपुरात बर्डीवरच्या मोदी नंबर तीन या गल्लीतून माझी स्वतःची मोटरसायकल गेलेली आहे. म्हणून यातलं एकेक वाक्य वाचताना दात-ओठ खात होतो.

आधी चिपचं बघू, कारण बाकी सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ही प्लेट सक्तीची झाली, जुन्या गाड्यांना नंतर. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम असतो, खाली डाव्या कोपऱ्यात लेझरने कोरलेला क्रमांक असतो आणि ती अशा लॉकने बसवतात की उपटली तर लॉक तुटतं, परत वापरता येत नाही. बस. चिप नाही, सिम नाही, जीपीएस नाही. नुसत्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला बॅटरी कोण देणार? मला वाटतं हा गोंधळ फास्टॅगवरून झाला. त्यात खरोखरच चिप असते, पण तो कारच्या काचेवर असतो आणि तोसुद्धा टोलनाक्यासारख्या ठिकाणीच, जवळून वाचला जातो.

चौकातल्या कॅमेऱ्यांना नंबर दिसतो हे खरं. पण चोर नंबर तसाच ठेवेल तर ना! तो प्लेट उपटून नाल्यात टाकतो, नाहीतर गाडीचे सुटे भाग करतो. माझी गाडी सप्टेंबर २०१९ ची, शोरूममधूनच तिला ही प्लेट होती. डिसेंबर २०२२ मध्ये गेली ती गेलीच. प्लेट बनावट नंबरच्या धंद्याला आळा घालते, सापडलेली गाडी कोणाची ते सांगते. जाणारी गाडी थांबवणं हे तिचं कामच नाही. आणि सापडलेल्या गाडीला प्लेट नसली, तर उपयोगी पडतो तो सतरा अक्षरी चेसिस नंबर. मोटरसायकलला तो बहुधा हँडलच्या मानेजवळ कोरलेला असतो, आज मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा.

आता हँडल लॉक. आत बोटाएवढा एक खिळा असतो आणि त्याच्याविरुद्ध हातभर लांब हँडल. पान्याची दांडी लांब असली की गंजलेला नटही सुटतो, तोच हिशेब. जोराचा एक हिसका आणि काम तमाम. जुन्या गाड्यांमध्ये तर घासलेली कुठलीही चावी चालते. साखळी तोडायला मात्र वेळ लागतो, आवाज होतो, आणि बर्डीच्या गल्लीत चोराला नेमक्या त्याच दोन गोष्टी नको असतात. साखळी चाकातून घेऊन खांबाला किंवा शेजारच्या गाडीला (ती घरचीच असेल तर!) बांधा, जमिनीवर लोळू देऊ नका, कारण खाली टेकलेल्या साखळीवर हातोडा नीट बसतो. डिस्क लॉक घेणार असाल तर आधी चाक बघा. ड्रम ब्रेकच्या चाकाला ते बसतच नाही, आणि दुकानदार ते सांगेलच असं नाही.

डिक्कीत मूळ आरसी आणि दुसरी चावी? हे लिहिणारा चोराचा मेहुणा असावा. डिक्की पेचकसाने उघडते. पोलिसांना कागद दाखवायला डिजीलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधली प्रत चालते, २०१८ पासून तसा नियमच आहे. आणि अडचणीत फोनच बंद पडला तर घरी कळवता यावं म्हणून घरच्या दोघांचे नंबर आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवा. डिक्कीत पट्टी, मलम, टॉर्च ठेवा. डिओ किंवा सॅनिटायझर मात्र नको. आपल्या मे महिन्यात डिक्कीची भट्टी होते.

दुसऱ्या चावीचं आणखी एक. विमा कंपनी दावा करताना दोन्ही चाव्या मागते. एक डिक्कीसोबत गेली तर ‘चावी गाडीतच ठेवली होती का?’ हा प्रश्न आलाच म्हणून समजा.

आणि विमा देतोच, हे वाक्य मला सगळ्यात महागात पडलं. माझ्या कागदावर लिहिलं होतं, विमा २०२४ पर्यंत. तो थर्ड पार्टीचा. नव्या टू-व्हीलरला तो पाच वर्षांचा घ्यावाच लागतो, पण त्यातून दुसऱ्याचं नुकसान भरून निघतं, आपल्या चोरीचा एक रुपया मिळत नाही. चोरी, आग, पूर येतात ते स्वतःच्या नुकसानीच्या भागात, आणि माझा तो भाग एकाच वर्षाचा होता. २०२० मध्ये संपला, मला पत्ताही नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हाही ज्यांच्याकडे नुसता थर्ड पार्टी होता त्यांच्या गाड्यांना विम्यातून काहीच मिळण्यासारखं नव्हतं. आता उठा, पॉलिसी काढा, दोन तारखा वेगवेगळ्या वाचा.

चोवीस तास थांबायचं तर कुठल्याच कायद्यात नाही. ११२ लावा, त्याच दिवशी एफआयआर करा, विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. ‘आमची हद्द नाही’ म्हणाले तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द नसली तरी होणारी नोंद, मागा. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. विमा कंपनीला उशिरा कळवलं एवढ्यावरून, एफआयआर वेळेत असेल तर, दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. पण तिथवर जायची हौस कोणाला आहे? तपास लागला नाही तर पोलिसांकडून ‘अ’ समरीचा कागद निघतो, गुन्हा खरा पण उलगडा नाही असा, आणि पैसे बहुधा त्यानंतरच हलतात.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तर पहिल्या काकांचा फोन आला. “काऊन भाऊ, मंग प्लेट लावाची नाई का?”

म्हटलं, लावा ना, सक्तीचीच आहे.

“बरं. अन् दुसरी चावी?”

कुठे आहे म्हणून विचारलं, तर फोनवरच त्यांचं बायकोला हाक मारणं ऐकू आलं.