टेबल केलं म्हणजे नेमकं काय केलं?
इंग्रजी वाक्प्रचारांवरचा हा लेख बाकी मस्त, पण त्यात ‘टेबल द मॅटर’ म्हणजे विषय पुढे ढकलणे असं सरळ ठोकून दिलंय ते काही पटलं नाही बुवा. हा झाला अमेरिकेतला अर्थ. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे बरोब्बर उलटं, टेबल केलं म्हणजे चर्चेला आणलं. विधानसभेत कॅगचा अहवाल ‘पटलावर (म्हणजे सभागृहाच्या टेबलावर) ठेवला’ म्हणतात ते हेच की, तो काय गुंडाळून ठेवलेला नसतो (निदान त्या दिवशी तरी!). आणि अमेरिकेतसुद्धा नुसतं ढकलणं नाही हां, तिकडच्या सिनेटमध्ये एखाद्या प्रस्तावावर ‘मोशन टू टेबल’ (तो टेबल करा अशी सूचना) पास झालं की तो मूळ प्रस्ताव मेलाच समजायचा. चर्चिलने लिहून ठेवलंय, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता म्हणून ते म्हणाले टेबल करू, अमेरिकनांना वाटलं बाजूला ठेवतायत, आणि दोघांनाही तेच हवं असताना बराच वेळ चांगलीच जुंपली.

आमच्याकडे क्लायंट न्यूजर्सीचा आणि मॅनेजर लंडनचा. क्लायंट कॉलवर म्हणाला ‘लेट्स टेबल द प्रायसिंग’, की साहेबांनी लगेच एक्सेल शेअर करून रेट वाचायला सुरुवात केली, पलीकडे सगळे म्यूटवर, आम्ही इकडे चॅटवर हसतोय. आता मीटिंगच्या मिनिट्समध्ये (इतिवृत्तात) आम्ही तो शब्दच घालत नाही, ‘आजच’ नाहीतर ‘पुढच्या कॉलला’ एवढंच लिहितो. लेखात निदान कुठल्या देशातला अर्थ ते तरी टाका, परीक्षेसाठी वाचणारी पोरं असतात इथे.