‘डबे बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला एका मेडिकलवाल्याचं उत्तर

पंचवटीत माझं मेडिकल आहे. गेल्या महिन्यात एकच मेसेज चार ठिकाणांहून आला. शेवटचा मोठ्या काकांचा, खाली हात जोडलेले. माझ्या पोरीला क्रोन्स, म्हणजे आतड्याच्या सुजेचा जुनाट आजार, आहे हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून मायेपोटीच पाठवलेला. मजकूर असा: मुलांच्या आतड्याच्या सुजेवर ४० दिवसांचा घरगुती उपाय. पावडरचे डबे (डॉक्टर लिहून देतात तो पोषणाचा फॉर्म्युला) म्हणजे केमिकल, ते बंद. गहू-दूध बंद. सकाळी गव्हांकुराचा रस, दुपारी ताक. ४० दिवसांनी सगळ्या गोळ्या बंद. डॉक्टर हे सांगणार नाहीत, कारण डब्यांवर कमिशन असतं.

दूध बंद आणि ताक चालू, हे कसं जमवायचं ते काकांनाही सांगता आलं नाही. पण थट्टा बाजूला ठेवून एकेक मुद्दा घेतो.

‘आतड्याची सूज.’ कोणती? आयबीडी, म्हणजे आतड्याची दीर्घकाळची सूज, या नावाखाली मुख्यतः दोन आजार येतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरापुरता असतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर शिरतो. हा फरक परीक्षेत लिहिण्यापुरता नाही. जेवण थांबवून फक्त पातळ फॉर्म्युल्यावर ठेवण्याचा जो उपचार क्रोन्समध्ये चालतो, तो कोलायटिसमध्ये चालत नाही. त्यात आपल्याकडे तिसरा पाहुणा असतो, आतड्याचा टीबी. लहान आतडं मोठ्याला जिथं मिळतं तिथंच त्याचाही मुक्काम, आणि ताप, पोटदुखी, वजन उतरणं ही लक्षणंही तीच. दुर्बीण घालून, तुकडा काढून तपासल्याशिवाय पुढं जाता येत नाही. टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड, म्हणजे सूज दाबणारं औषध, दिलं तर टीबी भडकतो. मेसेजवाल्याला यातलं काहीच विचारावंसं वाटलं नाही. एकच रस सगळ्यांना.

‘डबे म्हणजे केमिकल, घरचं अन्न हेच औषध.’ या वाक्याचा मला खरा राग येतो, कारण अन्न हेच औषध ही गोष्ट मुलांच्या क्रोन्समध्ये अगदी शब्दशः खरी आहे, आणि ते औषध नेमकं त्या डब्यातच असतं. सहा ते आठ आठवडे मुलाचा सगळा आहार म्हणजे फक्त पूर्ण पोषणाचा फॉर्म्युला. पोळी नाही, वरणभात नाही, बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. सोबत साधं पाणी. सौम्य ते मध्यम क्रोन्समध्ये युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना स्टेरॉइडच्या आधी याचं नाव घेतात. भगंदर झालेला असेल किंवा आजार फार पुढं गेलेला असेल, तर गोष्ट वेगळी. तिथं बायोलॉजिकची, म्हणजे दाह घडवणाऱ्या घटकांनाच अडवणारी, इंजेक्शनं लवकर लागतात.

इटलीतल्या एका चाचणीचे निष्कर्ष २००६ साली छापून आले. ३७ मुलं, दहा आठवडे, काहींना फक्त फॉर्म्युला, काहींना स्टेरॉइड. लक्षणं शमण्यात दोन्ही गट जवळजवळ बरोबरीत: ७९ टक्के आणि ६७ टक्के. पण दुर्बिणीतून आत पाहिलं, तेव्हा अस्तर भरून आलेली मुलं फॉर्म्युल्याच्या गटात ७४ टक्के निघाली, स्टेरॉइडच्या गटात ३३. शिवाय स्टेरॉइडनं चेहरा सुजतो, हाडं कमकुवत होतात, उंची खुंटते. क्रोन्सनं उंची आधीच अडवून धरलेली असते, त्यावर हे.

आमच्या पोरीचे आठ आठवडे ऐन द्राक्षांच्या हंगामात आले. आजोळ निफाडचं, घरात पेट्यांवर पेट्या, आणि ही झाकणाच्या ग्लासात स्ट्रॉ घालून फॉर्म्युला पितेय. दिवसाला पावणेदोन लिटर. गार करून दिलं की वास कमी येतो, हे तिनंच शोधलं. रविवारची मिसळ आम्ही घरातून हद्दपार केली, माझी आई तर तिच्यासमोर चहासुद्धा प्यायची नाही. तिसऱ्या आठवड्यात ताप थांबला, आठव्याच्या शेवटी वजन चार किलोनं वाढलं होतं.

एक गोष्ट दुकानदार म्हणून सांगतो. ‘तसलाच चॉकलेटचा डबा द्या’ म्हणत पालक येतात आणि जाहिरातीतल्या पावडरीकडं बोट दाखवतात. ती दुधात घालून जोडीला प्यायची असते, तिच्यावर मूल आठ आठवडे जगू शकत नाही. शिवाय फार खंगलेल्या मुलाला एकदम भरपूर खाऊपिऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फेट कोसळू शकतं. डबा कोणता, किती आणि कसा वाढवत न्यायचा, हे तज्ज्ञानंच ठरवायचं.

‘गहू-दूध बंद.’ ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, कायमचं बंद करावं लागतं ते सीलिअ‍ॅकमध्ये. तो आजार वेगळा, त्याची तपासणी वेगळी. वजन उतरलेल्या पोराच्या ताटातून पोळी आणि दूध दोन्ही काढलं, तर कॅलरी आणि कॅल्शियम कुठून येणार, हे मेसेजमध्ये नाही. पदार्थ वगळून बेतलेला एक आहार क्रोन्ससाठी खरोखर आहे आणि त्यात गहू-दूध वगळतातही. २०१९ साली छापलेल्या चाचणीत तो मुलांनी सहज पाळला आणि बाराव्या आठवड्याला निकालही चांगले आले. पण त्यात पहिले सहा आठवडे निम्म्या कॅलरी त्याच ‘केमिकल’ डब्यातून येतात, पुढचे सहा आठवडे पाव हिस्सा. आणि अंडी, चिकन, बटाटा ठरलेल्या मापानं खावंच लागतं. मेसेजनं त्यातलं फक्त ‘बंद’ उचललं.

‘गव्हांकुर.’ यावर चाचणी झालेली आहे, नाकारत नाही. २००२ सालची, २३ रुग्णांची, एक महिन्याची, आणि तीही मोठ्या आतड्याच्या खालच्या टोकाच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसवर. तिच्या जोरावर क्रोन्सच्या पोराचे डबे बंद करायचे?

‘४० दिवसांनी गोळ्या बंद.’ मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच. फॉर्म्युल्यानं आजार शांत होतो, पण जेवण सुरू झालं की तो पुन्हा डोकं काढतो, म्हणून तो शांत राहावा यासाठी अ‍ॅझाथायोप्रिनसारखं प्रतिकारशक्ती आवरणारं औषध मागं चालू ठेवतात आणि त्यासाठी रक्ततपासण्याही. मूल खातंय, खेळतंय, म्हणजे आतडं बरं आहे असं नसतं. आमची पोरगी सहा महिन्यांनी खणखणीत होती. शाळेच्या स्पर्धेत पळाली, मिसळही चापली. त्याच आठवड्यात शौचातलं कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतल्या दाहाचा अंदाज देणारं प्रथिन, ६०० च्या घरात आलं. २५० च्या वर गेलं की आत दाह आहे असा संशय घेतात. तिला काहीच जाणवत नव्हतं. डॉक्टरांनी औषधाचा डोस बदलला, आम्ही पुन्हा पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईच्या चकरा सुरू केल्या, आणि चार महिन्यांत आकडा खाली आला. गोळ्या बंद केलेल्या असत्या, तर कळलं असतं ते थेट पोट दुखायला लागल्यावर.

राहता राहिलं ‘कमिशन’. काका, इथं मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. डब्यावर मार्जिन आहे, सगळ्याच मालावर असतं. महाग आहे हेही खरं. स्टेरॉइडची पट्टी किरकोळ पैशात मिळते, डबे मात्र महिन्याचं गणित कोलमडवतात. ज्यांना परवडत नाही त्यांच्यापुढं मलाही मान खाली घालावी लागते, आणि तक्रार करायचीच तर या किमतीविरुद्ध करा, मीही सही करतो. पण डॉक्टरांनी पोरीला डबे लिहून दिले तेव्हा चिठ्ठी घेऊन मी गेलो ते माझ्याच काउंटरवर. आठ आठवडे मीच माझं गिऱ्हाईक होतो, आणि त्या डब्यांवर मार्जिन कुणाला सुटलं ते तुम्हीच सांगा.